ज्याची बातमी त्यानं पुसायची

कुणाचा दात पडला असं कळलं, की सिस्टर आधी त्या मुलाला तोंड उघडायला लावायच्या. नुसत्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नसे. चष्मा कपाळावर सरकवून त्या मुलाला खिडकीपाशी उजेडात न्यायच्या, खिंडार नीट बघायच्या, वरचा दात की खालचा याची खात्री करायच्या आणि मग झग्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर ठळक अक्षरात बातमी झळकायची : 'दूसरी की जपलीन का ऊपर वाला दाँत गिरा। दर्द नहीं हुआ।' दुखलं नाही, हेसुद्धा त्यांनी विचारून घेतलेलं असायचं.

शाळा चंडीगडची, नन्सनी चालवलेली, लहानशी, पाचवीपर्यंतची. नवऱ्याला तिथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली म्हणून मी कराडहून तिथे गेले आणि या शाळेत शिकवायला लागले. मुलगी तिथेच पहिलीत. मुलं सिस्टरांना 'खबरवाली सिस्टर' म्हणायची. त्यांचं खरं नाव कुणा संतिणीचं होतं आणि ते फक्त पगारपत्रकावर वाचायला मिळायचं.

आमची ओळख झाली तीही फाटकावरच. मुलगी काही केल्या आत जाईना. आजूबाजूला मराठी कुणाला कळणार आहे, या भरवशावर मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "गप आत जा, नाहीतर इथंच दोन फटके देईन." मागून आवाज आला, "फटके नको देऊ हां बाय. उद्या फळ्यावर लिहावं लागेल मला." मी दचकून वळले. पांढरा झगा, पायात कापडी बूट, बोटांना खडू. सिस्टर वसईच्या. घरी त्यांची बोली वेगळी होती, माझ्याशी त्या शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी बोलायच्या. चंडीगडात मला मराठीत रागावणारं नवऱ्यापलीकडे कुणी नव्हतं. मुलगी तर तेव्हापासूनच 'मम्मा, यार, प्लीज' म्हणायला लागली होती. त्यामुळे सिस्टर मला रागावल्या की बरं वाटायचं. पुढे वाटेनासं झालं, ते माझ्या कर्मानं.

इंग्रजी शाळेच्या फाटकावर हिंदी फळा कशाला, अशी तक्रार पालकसभेत दरवर्षी व्हायची. सिस्टर दरवर्षी उठून तेच उत्तर द्यायच्या. "ज्यांना इंग्रजी येतं त्यांना पेपर आहे, फोन आहे. रिक्षावाल्याला काय आहे?" आणि खरोखरच सकाळी रिक्षावाले, सेक्टर बावीसमधून पायी येणारे आजी-आजोबा, समोरचा चहावाला, सगळे फळ्यापुढे थांबायचे. जानेवारीत धुकं इतकं दाटायचं, की फळा ओला होऊन खडू उमटायचा नाही. मग सिस्टर खांद्यावरची शाल काढून फळा कोरडा करायच्या आणि दिवसभर ती ओली शाल पांघरून खोकत हिंडायच्या. शाल कशाला, फडकं घ्या, असं आमची आया कमलादीदी रोज ओरडायची.

त्या फळ्याचा एक नियम होता, आणि तो सबंध शाळेला पाठ होता. ज्याची बातमी त्यानंच पुसायची. दात पडलेल्या जपलीननं दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं, आपली बातमी स्वतः मोठ्यांदा वाचायची आणि ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. त्यानंतर सिस्टर नवी बातमी लिहिणार. बातमीवाला आजारी पडला तर फळा दोन दोन दिवस तसाच. एकदा पाचवीतला एक मुलगा कांजिण्यांनी आडवा झाला, तेव्हा त्याची बातमी सोळा दिवस टिकली होती. मी विचारलं, "दुसऱ्या कुणी पुसली तर काय बिघडतं, सिस्टर?" त्या म्हणाल्या, "स्वतःचं नाव लिहिलेलं त्यानं बघितलं पाहिजे. त्याआधी पुसलं तर आपण त्यालाच पुसलं ना?" तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं.

एका वहीत सगळ्या शाळेची नावं होती, मुलांची, कामवाल्यांची आणि आम्हा शिक्षकांचीही. वर्षभरात प्रत्येक नाव एकदा तरी फळ्यावर यायलाच हवं. फेब्रुवारी उजाडला, की सिस्टर उरलेल्या नावांच्या पाठीमागे लागायच्या. गुरनूर नावाचा एक मुलगा होता. ना पहिला, ना शेवटचा, ना खेळात, ना मारामारीत. सिस्टर तीन दिवस त्याच्या मागे मागे हिंडल्या. चौथ्या दिवशी फळ्यावर आलं, 'गुरनूर पानी पीकर नल रोज़ बंद करता है। तीन दिन देखा।' त्याची आई फळ्यासमोर उभी राहून रडली. आम्ही स्टाफरूममध्ये हसलो. आता यांना बातम्या संपल्या, असं मीच म्हणाले होते. पण त्या दिवसानंतर शाळेतला एकही नळ गळताना दिसला नाही, हे मला मान्य करायला हवं.

चुकल्या त्या एकदाच, माझ्या डोळ्यांदेखत. पहिलीतल्या एका मुलीला भाऊ झाला, असं त्यांनी तिच्या आजोबांच्या सांगण्यावरून लिहिलं. झाली होती बहीण. आजोबांच्या तोंडून ते निघेना, म्हणून त्यांनी भाऊ म्हणून टाकलेलं. सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळा फळा एकाच मजकुरानं भरला होता, 'कल मैंने ग़लत लिखा। बहन हुई है। मैं माफ़ी माँगती हूँ।' त्या बाळाला बघायला त्या स्वतः गेल्या, आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या तोंडची बातमी घेणं त्यांनी सोडलं. "खोटी बातमी पुसता येत नाही, बाय," म्हणाल्या. "फळ्यावरून जाते, लोकांच्या डोक्यातून जात नाही."

मग नव्या प्रिन्सिपल मॅडम आल्या. नन नव्हेत, बाहेरच्या, हुशार, टापटीप, बोलायला गोड. शाळेला 'व्हिजिबिलिटी' हवी, असं त्यांचं म्हणणं. दर महिन्याला गुळगुळीत रंगीत वार्तापत्र निघायला लागलं, पालकांच्या फोनवर जायला लागलं. त्यात पाहुणे असायचे. पाहुणे दीप लावताना, पाहुणे रोपाची कुंडी हातात धरून, पाहुणे मुलांच्या घोळक्यात आणि मुलांची नावं कुठेच नाहीत. संपादक म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझं इंग्रजी बरं आणि मान पटकन हलते. पहिला अंक मी कौतुकानं सिस्टरांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण यात बातमी कुठली? बातमी म्हणजे कुणाचं तरी नाव आणि एक खरी गोष्ट. बाकी सगळी जाहिरात." मला राग आला. म्हातारीला जळफळाट झाला, असंही मनात येऊन गेलं.

आता कमलादीदीबद्दल सांगायला हवं. ती शाळेची आया, गोरखपूरकडची, राहायला इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडच्या वस्तीत. नर्सरीतली मुलं तिच्या ताब्यात असायची. कुणाला घाई लागली आहे हे मुलाच्या आधी तिला कळायचं. कपाटात तिनं धुतलेल्या, घडी घातलेल्या चड्ड्यांची चळत ठेवलेली असायची. सिस्टरांच्या वहीत कामवाल्यांपैकी दरवर्षी एकच नाव बातमीवाचून राहायचं, ते हिचं. "मेरा क्या लिखोगे, सिस्टर? मैं कौन-सा दाँत तोड़ के आई हूँ?" असं म्हणून ती पळून जायची. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. पण फळ्यापुढून जाताना ती रोज क्षणभर थांबायची, हे मी पाहिलं होतं.

सफाईचं आणि आयांचं काम एजन्सीला द्यायचं, असं त्या वर्षी ठरलं. गणवेश घातलेल्या नव्या मुली येणार होत्या. कमलादीदीला गुरुवारी दुपारी सांगितलं, की उद्यापासून येऊ नकोस. एकोणीस वर्षांनंतर एका दुपारी. वार्तापत्रासाठी मला जो मजकूर मिळाला त्यात होतं, की आमच्या जुन्या सहकारी 'स्वेच्छेने निवृत्त' झाल्या. मी तो तसाच टाइप केला.

दुसरा दिवस शाळेच्या संताच्या सणाचा. दहाला बिशप येणार होते. मी आठला पोचले, तर फळ्यावर कमलादीदीची बातमी. तीन ओळी, नेहमीचं टपोरं अक्षर. त्यात आरडाओरडा नव्हता, कुणावर आरोप नव्हता, फक्त जे झालं ते होतं. पालक थांबून वाचत होते. कुणी तरी फोटोही काढला. इतक्यात प्रिन्सिपल मॅडम माझ्याजवळ आल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "पाटील मॅम, आपकी हैंडराइटिंग कितनी सुंदर है. वहाँ एक वेलकम लिख दीजिए ना, बिशप साहब के लिए." ते पुसा, असं त्या म्हणाल्याच नाहीत. तशी माणसं कधी म्हणत नाहीत.

माझं कायम होण्याचं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगते. सिस्टर हॉलमध्ये मुलांकडून गाणी बसवून घेत होत्या. मी फडकं ओलं केलं आणि त्या तीन ओळी पुसल्या. मग रंगीत खडूंनी मोठं 'वेलकम' काढलं, कडेला गुलाबाची वेल काढली. फार सुरेख झाली होती. येणारे-जाणारे थांबून तसं म्हणतही होते.

वेलीचं शेवटचं पान रंगवत होते, तेवढ्यात मागे कमलादीदी येऊन उभी राहिली. ठेवणीतली जांभळी साडी, डोक्याला तेल. सिस्टरांनी तिला शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप पाठवला होता, तुझी बातमी लिहिली आहे, येऊन बघ आणि नियमाप्रमाणे तूच पूस.

"मॅडम," ती म्हणाली, "सिस्टर ने बोला मेरा नाम लिखा है. कहाँ लिखा है? पढ़ दीजिए ना."

मी फळ्याकडे बघितलं. ती फळ्याकडे बघत होती. गुलाबाची वेल, लाल, पिवळी, हिरवी. आणि मी बोट दाखवून म्हटलं, "ये रहा, दीदी."

तिनं पदर डोक्यावर घेतला. जवळ जाऊन त्या अक्षरांखालून हात फिरवला, खडूला लागणार नाही अशा बेतानं. "इतना बड़ा लिखा है," ती म्हणाली. "फूल भी बनाए हैं." मग वळून विचारलं, "क्या लिखा है?" मी म्हटलं, "लिखा है कि आपने बहुत अच्छा काम किया." "बस इतना ही?" "हाँ." ती हसली. तिनं पदराच्या टोकातून घडी घातलेलं एक स्वच्छ फडकं काढलं. घरून आणलं होतं, बहुतेक चड्ड्यांबरोबर धुतलेलं. "तो पोंछ दूँ?"

मी घाईघाईनं म्हटलं, "आज नहीं दीदी, आज रहने दो. बाद में." ती फडकं पुन्हा पदरात बांधून निघून गेली. फाटकाबाहेर बिशपांची गाडी लागत होती, म्हणून चौकीदारानं तिला बाजूनं जायला सांगितलं.

सिस्टरांना तासाभरात कळलं. त्या ओरडल्या नाहीत. मला संगीताच्या खोलीत बोलावून त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी बातमी होती का ती?" मग मी सगळं सांगितलं, बोट दाखवलं तेसुद्धा. ऐकता ऐकता त्या खुर्चीत बसल्या. मग खिशातून चिठ्ठी काढली, कच्च्या मजकुराची, आणि माझ्या हातात दिली. "हे घे. तिच्या घरी जा. आणि यात आहे ते तिला वाचून दाखव. माझ्या तोंडून नको, तुझ्याच तोंडून ऐकू दे." मी डोळे पुसत म्हटलं, "जाते, सिस्टर. या रविवारी. पक्का."

तो रविवार महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात गेला. पुढचा पेपर तपासण्यात. मग होळी आली, मग वार्षिक परीक्षा, मग वार्तापत्राचा विशेषांक. वस्ती शाळेपासून वीस मिनिटांवर होती. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, रोज रुमाल काढताना हाताला लागायची. मी रुमाल दुसऱ्या कप्प्यात ठेवायला लागले.

एप्रिलअखेर सिस्टर मला जिन्यात भेटल्या. त्यांच्या बदलीचं पत्र आलं होतं. नन्सच्या बदल्या अशाच होतात, वरून पत्र येतं आणि एक बॅग भरायची. "गेलीस का गं कमलाकडे?" त्यांनी विचारलं. माझ्या हातात अंकाचे कागद होते, वरून कुणी तरी हाका मारत होतं. मी म्हटलं, "हो सिस्टर, जाऊन आले मागच्या रविवारी." "वाचलंस?" "वाचलं." त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. खडूचा वास आला. "देव तुझं भलं करो," म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही. मुलांचे पडलेले दात उजेडात नेऊन बघणारी बाई, तिनं माझं तोंड मात्र उघडून बघितलं नाही.

निरोपसमारंभ झाला नाही. विशेषांकात मी त्यांच्याबद्दल दोन ओळी घातल्या होत्या, त्यांच्या जागी वृक्षारोपणाचा फोटो आला. मी वाद घातला नाही. आता मान हलवायच्या इतक्या सवयीनंतर काय घालणार! सुट्टी लागायच्या दिवशी सिस्टर पहाटेच्या गाडीनं गेल्या. जाण्याआधी त्यांनी फळा लिहून ठेवला होता. मी साडेसातला फाटकात आले, तेव्हा मुलं मला बघून टाळ्या वाजवायला लागली. फळ्यावर होतं :

'पाटील मॅडम कमला दीदी के घर गईं और उनकी ख़बर उन्हें पढ़कर सुनाई।'

वहीत माझं नाव राहिलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या नावानं लिहिण्यासारखं त्यांना काही सापडलं नव्हतं. शेवटच्या दिवशी सापडलं. त्यांना माझं खोटं कळलं होतं आणि ते खरं करायला मला लाजवावं म्हणून त्यांनी तसं लिहिलं, की खरोखरच विश्वास ठेवला, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. लाजवलं असतं तर बरं झालं असतं. पण मला वाटतं, त्यांनी विश्वासच ठेवला. नियमाप्रमाणे ती बातमी मी पुसायला हवी होती. मोठ्यांदा वाचून. मी आत निघून गेले.

त्याच दुपारी मी वस्तीत गेले. विचारत विचारत घर सापडलं, दाराला कुलूप. शेजारीण पोराला आंघोळ घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कमला? वो तो होली के बाद ही गाँव चली गई, सब लेके. अब नहीं आएगी." फोन नंबर? नव्हता. जिन्यात मी 'जाऊन आले' म्हणाले, तेव्हा ती जाऊन महिना उलटला होता. सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा फाटकाजवळ भिंतीवर टीव्हीसारखा मोठा पडदा बसवलेला होता. फळा काढताना पुसला की तसाच भंगारात दिला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सिस्टर शेवटी वसईकडे, म्हाताऱ्या नन्सच्या आश्रमात होत्या. दर नाताळला मी फोन करायचे. इकडचं तिकडचं झालं, की त्या हटकून विचारायच्या, "कमला काय म्हणाली गं, तू वाचलंस तेव्हा?" पहिल्या वर्षी मी म्हटलं, रडली. दुसऱ्या वर्षी म्हटलं, रडली आणि मग हसली. तिसऱ्या वर्षी मी तिच्या हातचा चहासुद्धा प्याले. सिस्टरांना ते ऐकायला फार आवडायचं. आवाज थकत चालला होता, दुसरं फारसं आठवत नव्हतं, पण ही बातमी त्यांना पक्की आठवायची. शेवटच्या फोनवर त्यांनी नवीनच विचारलं. "आणि तिनं पुसली का गं स्वतःच्या हातानं?"

मी म्हटलं, "हो सिस्टर. घरून फडकं घेऊन आली होती."

"मग झालं," त्या म्हणाल्या. फाल्गुनात त्या गेल्या.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. घडीवर शाई पुसट होत चालली आहे, पण वाचता येते. माझं तोंड खोटं निघालं, म्हणून इथे सिस्टरांचा मजकूर तसाच उतरवते :

'कमला दीदी आज से नहीं आएँगी। उन्होंने अपनी मर्ज़ी से नहीं छोड़ा। उन्नीस साल में इस स्कूल का कोई बच्चा गीली पैंट में घर नहीं गया।'

जिची बातमी आहे तिनं ती अजून ऐकलेली नाही. तोवर कुणी पुसू नये.